तांबड्या खुणेखाली

"चढ तरी, नाहीतर उतर तरी!" माणिकराव यंत्राच्या सुईवर खेकसला.

सुई कसली ऐकते! फिरत्या कागदावर तिची निळी रेघ सकाळभर चढली होती, अन् बारा वाजल्यापासून सरळ चालली होती, तांबड्या खुणेच्या दोन बोटं खाली. टेकडीपलीकडे, दोन मैलांवर, नदीतल्या खांबालगत लोखंडी डबा तरंगायचा. पाण्याबरोबर डबा चढला की तारेतून इथली सुई चढायची. रेघ तांबड्या खुणेला टेकली की भोंगा वाजवायचा आणि खालच्या वस्तीनं घरं सोडायची.

खालच्या वस्तीतच माणिकरावाचं घर. घरात त्याची लेक वच्छला, आठ दिवसांची बाळंतीण.

पंचाहत्तरचा तो भादवा नुसता कोसळत होता. माणिकरावाचा हात दहादा भोंग्याकडे गेला. पण मागच्या महिन्यात त्यानं असाच आभाळाला भिऊन भोंगा वाजवला होता. सारं मेडशी गाव ढोरंवासरं घेऊन टेकडीवर भिजत बसलं, अन् पाणी आलंच नाही. लोक अजून त्याला पाहून हसायचे. मोठ्या साहेबांनी तर बजावलंच होतं, "रेघ पाहा, आभाळ पाहू नका."

रेघ तर सरळ होती. मग जीव असा खालीवर का होत होता?

डबाच वाहून गेला असंल तर? पोळ्याच्या पुरात आधीचा डबा तसाच गेला होता. तेव्हा नदीवरच्या चौकीदाराला, पुंजाजीला, त्यानं चांगलंच फैलावर घेतलं होतं. "सरकारी माल हाये! हा दुसरा गेला तं मले तोंड दाखवू नको!"

चार वाजता दार ढकलून पुंजाजीच आत आला. अंगावरून पाणी निथळत होतं.

माणिकराव खुर्चीतून उठला. "डबा गेला काय रे?"

"जाते कसा! जागेवर हाये."

माणिकराव मटकन खुर्चीत बसला. चला, रेघ खरी होती. उगाच जिवाला घोर लावून घेतला. "मंग इतक्या पाण्यात आला कायले?"

"तुमाले सांगाले. पाणी किती हाये ते तुमाले इथं दिसतेच, पण डब्याचा घोर असंल ना तुमाले." पुंजाजी खुशीत हसला. "बारा वाजताच म्या त्याले मोटेच्या नाड्यानं खांबाले आवळून टाकला, साहेब. आता खांबाच्या वरून पाणी चाललं, पण डबा बोटभर हालला नाई!"