खुणेच्या वर

बॉनेट उघडायच्या आधी चष्मेवाल्याने मेहुण्याला पिशवी उघडायला लावली. आत दोन पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर, सिलिंडरचा दाब मोजायचं घड्याळ आणि चिंध्या निघाल्या. तेलाचा डबा नव्हता.

"नाही म्हणजे, माझी नजर चुकवून ओतून मोकळा व्हायचास," चष्मेवाला म्हणाला आणि खिशातून आपल्या चष्म्याच्या दुकानातलं भिंग काढून गाडीला खेटून उभा राहिला.

मेहुण्याला हसू आलं. "दाजी, संशय खुशाल घ्या. फक्त बाजूला सरा, उजेड अडतोय."

या गाडीचं इंजिन त्यानेच खोलून नव्याने बांधलं होतं. घरचा मेकॅनिक असताना बाहेर कशाला जायचं, असा बहिणीचा हट्ट. गाडी ताब्यात देतानाच तो म्हणाला होता, "पिस्टनच्या नव्या रिंगा बसेपर्यंत थोडा निळा धूर दिसेल, मग जाईल." धूर काही गेला नाही. उलट वाढला. शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायला लागले. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, एवढं चष्मेवाल्यालाही कळत होतं. नव्या सांगून जुन्याच रिंगा घातल्या, आपल्या तोंडाला पानं पुसली, असं त्याने ठरवूनच टाकलं. पुरावा बिघडायला नको म्हणून त्याने बॉनेटला बोटसुद्धा लावलं नाही. बायकोला मात्र रोज ऐकवलं, "येऊ दे त्याला रविवारी. पट्टीवर तेल खुणेखाली निघालं, तर तुझ्या भावाने या घराची पायरी चढायची नाही!" ती खाली मान घालून कामाला लागायची. तिचं गप्प बसणंही त्याला खटकायचं. बहीणभाऊ मिळालेले असणार, नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

आता ती दारात उभी होती. हातातला चहा गार झाला होता.

मेहुण्याने एकेक प्लग काढला. सगळे तेलाने माखलेले.

"बघ, बघ!" चष्मेवाला जवळजवळ आनंदाने ओरडला.

मेहुण्याने दाब मोजला. चारही सिलिंडर सारखे, अगदी ठणठणीत. जुन्या रिंगांवर असा दाब येतच नाही. तो बुचकळ्यात पडला. मग त्याने तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली. तेल खुणेखाली नव्हतं. ते वरच्या खुणेच्याही चांगलं वर होतं.

"दाजी, मी खुणेइतकंच भरलं होतं. तुम्हीच भिंग लावून बघितलं होतंत."

"होतं," चष्मेवाल्याला कबूल करावं लागलं.

"मग हे इंजिन तेल पीत नाहीये. याला कुणीतरी पाजतंय. जास्त झालेलं तेल वर चढतं आणि जळतं, त्याचा हा धूर."

"मी ओतत होते," दारातून आवाज आला. बायकोचे डोळे भरले होते. "तुम्ही अंघोळीला गेलात की, रोज थोडं थोडं. तुम्ही रविवारी पट्टी काढणार म्हणालात ना... धूर वाढला की मी जास्त ओतायचे."

चष्मेवाला पोट धरून हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "अगं वेडे! आणि मी इकडे तुझ्या भावाला चोर ठरवून बसलो! चुकलं बाबा माझं." त्याने मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. "मी म्हणतच होतो, घरचं काम ते घरचं काम! जेवूनच जायचं हं आज." आणि स्वतःच नवा चहा टाकायला आत गेला.

मेहुण्याने जास्तीचं तेल घमेल्यात काढलं, प्लग पुसून परत बसवले. गाडी चालू केली. इंजिन बराच वेळ फिरल्यावर धूर विरळ झाला, मग थांबला. बहीण डोळे पुसत हसली. तो हसला नाही.

"ताई, ओतायच्या आधी एकदा तरी पट्टी काढून बघितलीस?"

"नाही रे," ती म्हणाली. "धीरच झाला नाही. खरंच कमी निघालं असतं तर?"

दाजींचं एवढं बोलणं त्याला लागलं नव्हतं. हे लागलं. तो चिंधीने हात पुसत राहिला, स्वच्छ झाल्यावरही.

"दाजींनी निदान भिंग लावून बघितलं तरी, ताई."