खिडकीखालचा वाफा

चांद्याच्या संग्रहालयाशेजारी शाळेतली पोरं आणि मोहल्ल्यातले लोक मिळून बाग करत होते. सगळ्यांनी विहिरीजवळचे वाफे घेतले. सुगंधाबाईनं खिडकीखालचा मागितला. खिडकीच्या आत, गेल्या साली मारलेला नरभक्षक वाघ उभा होता.

"तिथी ऊन येत नाई, बाई. तोच काऊन?" केवळराम गुरुजींनी विचारलं.

"माह्या पोरीचा बाप याच्याच पोटात हाये. हाडूकबी भेटलं नाई. फुलं कुठी वाहू मी?"

गुरुजींनी वहीत तो वाफा तिच्या नावावर लिहिला.

झेंडू फुलला त्या दिवशी पोरांचा वर्ग बागेतच भरला होता. एका पोरीनं खिडकीतून पाहून विचारलं, "गुरुजी, मेलेला वाघ उभा कसा?"

"कातड्याच्या आत भाताचं वाळलं तणस भरलं आहे," गुरुजी बोलून गेले.

सुगंधाबाईनं बादली खाली ठेवली.

"मंग पोटातलं सारं कुठी फेकलं, गुरुजी?"