पहिला ब्रेक

चुन्याच्या पट्टीच्या दोन हात अलीकडेच गाडी थांबली. मोटार वाहन निरीक्षक बोरसे खाली उतरले. ब्रेक उत्तम आहेत, असं म्हणत त्यांनी बोनेटवर कागद ठेवला आणि खिशातून पेन काढलं.

"साहेब, सही करू नका," आपणहून तिथे आलेला गॅरेजवाला मोतीलाल मिस्तरी म्हणाला.

जळगावातल्या एका पोलीस ठाण्यामागचं मैदान होतं ते. पंच्याण्णव सालचा जानेवारी, उन्हाला अजून ऊब नव्हती. मुंबईहून आणलेली ती लाल, दोन दारांची विलायती गाडी परवापासून इथेच उभी होती. परवा सकाळी साडेसहाला डाळ मिलच्या पहिल्या पाळीला निघालेल्या बेबाबाईला तिनं उडवलं होतं. उजवं पाऊल चेंगरलं. घोट्याखालचं काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणत होते.

गाडीचा मालक अभिमन, सावद्याच्या केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, शेजारीच उभा होता. बाईच आडवी आली, आपण ब्रेक वेळेवर दाबला, असा जबाब त्यानं दिला होता. गाडी दोन दिवस उभी आहे, आधी गावातून एक चक्कर मारून आणू, असंही साहेबांना त्यानंच सुचवलं होतं.

मोतीलालनं विचारलं, चक्कर किती वेळ मारली? वीस मिनिटं, साहेब म्हणाले. मोतीलाल पुढच्या चाकाशी वाकला. चाकाच्या जाळीतून बोट आत घालून त्यानं ब्रेकच्या डिस्कला टेकवलं आणि चटकन मागे घेतलं.

"हे ब्रेकचे पॅड रेसचे आहेत, साहेब. तापले की धरतात. गार असले की घसरतात. बेबाबाईच्या वेळी गार होते."

अभिमन हसला. परदेशात शर्यतीच्या गाड्यांना हेच पॅड लावतात, मिस्तरीला त्यातलं काय कळतं, असं तो साहेबांना सांगू लागला. हेच वाक्य मोतीलालनं दिवाळीआधी आपल्या गॅरेजात ऐकलं होतं. तेव्हा अभिमनच्या हातात इंग्रजी मासिक होतं आणि पॅडचा खोका होता. मोतीलालनं समजावलं होतं की शर्यतीत माणूस शंभर वेळा ब्रेक मारतो. गावात म्हैस आडवी येते, पोर आडवं येतं, तिथं पहिला ब्रेकच कामाचा. साधे पॅड घ्या. अभिमन म्हणाला होता, तुला जमत नसेल तर धुळ्याच्या मिस्तरीकडे नेतो. धुळ्याचं नाव निघालं आणि मोतीलालला ते लागलं. त्यानं मुकाट्यानं पाना उचलला होता.

"तासभर गाडी सावलीत राहू द्या," तो साहेबांना म्हणाला. "मग बघा. तासानं काही निघालं नाही, तर मी माफी मागीन."

बोरसे साहेबांनी घड्याळ पाहिलं, अभिमनकडे पाहिलं, आणि पेन खिशात ठेवलं.

गाडी लिंबाखाली ढकलून नेली. तो तास मोतीलाल बसला नाही. चहा आला, तो त्यानं घेतला नाही. मैदानाला फेऱ्या घालत राहिला. अभिमन त्याला एकदा आडोशाला घेऊन म्हणाला, की मिस्तरी, बाईचं सगळं मी बघीन, तुम्ही यात पडू नका. मोतीलाल पुढच्या फेरीला लागला. काल तो दवाखान्यात गेला होता. बेबाबाई त्याला ओळखत नव्हती, तरी सांगत होती, "भाऊ, मी कडेलेच व्हतू." दर माणसाला तेच सांगत होती. जणू पाय जाण्यापेक्षा आपली चूक नव्हती, हेच तिला पटवून द्यायचं होतं.

तासानं मोतीलालनं डिस्कला पुन्हा बोट लावलं. गार होती. साहेब गाडीत बसले, मघाच्याच वेगानं आले, मघाच्याच खुणेवर ब्रेक दाबला.

गाडी चुन्याची पट्टी ओलांडून आठ हात पुढे गेली.

पट्टीपासून चाकापर्यंत साहेबांनी पावलं मोजली. अभिमन घाईनं म्हणाला, पुन्हा बघा, चूक झाली असेल. दुसऱ्यांदा गाडी पाच हात पुढे गेली, तिसऱ्यांदा दोन. चौथ्यांदा पट्टीवर थांबली.

"बघा," अभिमन म्हणाला, "लागला ना आता?"

मोतीलाल त्याच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला.

"शेठ, त्या बाईनं चार वेळा रस्त्यात येऊन उभं राहायचं होतं का?"

बोरसे साहेबांनी नवा कागद काढला. तारीख, गाडीचा नंबर आणि पावलांचं अंतर लिहून त्यांनी मान वर केली, आणि हे पॅड बसवले कुणी, असं विचारलं.

"यानंच," अभिमन बोट दाखवून म्हणाला. सकाळपासून तो हे एकच खरं बोलला होता.

"हो, मीच. लिहा," मोतीलाल म्हणाला. "मोतीलाल आधार सोनवणे."

साहेबांनी लिहिलं नाही. पेन कागदावर टेकवून ते थांबले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "मिस्तरी, विचार करून बोला. गार पॅड असे घसरतात, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, असंच ना?"

"ठाऊक होतं," मोतीलाल म्हणाला. "तेही लिहा."