वीतभर माती

कुदळीचा तिसरा घाव बसला आणि बांधावर रोवलेली, माती मोजणारी सरकारी खुंटी ठणाणा ओरडू लागली. शिवलीलाने हात थांबवला नाही.

मृदा निरीक्षक देवर्षे धावतपळत आले, तोवर खड्डा गुडघ्याला लागला होता.

"अक्का, वितीपेक्षा खोल खणायला बंदी आहे. माती उघडली की तिच्यातला कार्बन हवेत जातो. नांगर धरला म्हणून माणसं तुरुंगात गेलीत."

"ठाऊक आहे. पण आमच्यात पुरतात, साहेब. तेही मांडी घालून बसवून. वीतभर खड्ड्यात सासूबाई बसतील का?"

लिंबाखाली सासूचा, मलकव्वाचा देह खुर्चीत बसवला होता. कपाळावर ताजी विभूती होती. देवर्षेंनी मान खाली घातली.

"तालुक्याला विद्युतदाहिनी आहे."

"चाळीस वर्षं शेण, पाला, भुसकट, हाती लागेल ते त्यांनी या मातीला चारलं. तालुक्यात सगळ्यात कसदार माती हीच, असं तुमचीच खुंटी म्हणाली. तुम्ही कचेरीत या मातीचा फोटो लावलात. आणि आता त्या बाईचाच धूर करून हवेत सोडा म्हणता? मग बंदी कशासाठी घातलीत?"

देवर्षे खुंटीकडे गेले आणि तिचा आवाज बंद करायला वाकले.

"राहू द्या," शिवलीला पुन्हा कुदळ उचलत म्हणाली. "ओरडू दे तिला. घरात रडायला मी एकटीच आहे, आणि मला अजून खणायचंय."