दहबची जीभ

“डावीकडे घे, शाझली! त्या खडकावर काय तुझी सासुरवाडी आहे?” दहब ओरडली.

तिच्या नवऱ्याने, नावेचा रईस म्हणजे कप्तान असलेल्या शाझलीने, मुकाट्याने सुकाणू दाबलं. फेलुकाचं तिकोनी शीड फडफडलं, नाव वळली आणि काळा खडक हातभर अंतरावरून मागे गेला.

शिडाखाली बसलेल्या वगदी साहेबांनी नाक मुरडलं. साठी उलटलेल्या नावाड्यांचे परवाने यंदा ते स्वतः नावेत बसून तपासत होते. शेजारच्या अब्दूनचा परवाना त्यांनी मागच्याच आठवड्यात काढून घेतला. त्याची फेलुका आता काठावर पालथी पडली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. आज पाळी शाझलीची होती.

“ही बाई रोज नावेत असते?” साहेबांनी विचारलं.

“रोज,” दहबच म्हणाली. “एकटा सोडला तर गोऱ्या बायकांकडे टकामका बघत बसेल आणि नाव नेऊन घालेल धरणात. अक्कल आईच्या पोटातच विसरून आलाय मेला. ए, दोर सैल कर! उजवीकडून जहाज येतंय, त्याची लाट काय तोंडात घेणार आहेस?”

दोर सैल झाला. लाटेवर नाव अलगद चढली, अलगद उतरली.

दहबने कर्कदेच्या फुलांचा लाल चहा ओतला आणि पेला नवऱ्याच्या मुठीत कोंबला. “नीट धर. परवा अंगातल्या जलाबियावर सांडलास. धुवायला आहेच मी!”

साहेबांना आधी गंमत वाटली, मग कीव आली, मग दोघांचाही तिटकारा आला.

“स्वतःला रईस म्हणवतोस ना रे? मग नाव तुझी की हिची?”

“नाव माझी, साहेब.” शाझली वाऱ्याकडे गाल करून हसला. “तोंड हिचं.”

“आमच्या कैरोत असली बाई कुणी एक दिवस ठेवून घेणार नाही.”

“तुमच्या कैरोत पोचेपर्यंत नाईलसुद्धा घाण होते, साहेब,” दहब म्हणाली.

साहेबांचं डोकं फिरलं. “बस्स! आता धक्क्याला लागेपर्यंत नवऱ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. बोललीस तर परवाना गेला. याला स्वतःला काय येतं ते मला बघायचंय.”

दहबचं तोंड मिटलं. शाझलीच्या मुठीतला दोर ताठ झाला. नाव बेटाचं टोक ओलांडू लागली तशी पलीकडून दुसरी एक फेलुका आडवी येताना दिसली, हंसासारखी, कसलाही आवाज न करता.

दहब ताडकन उठली आणि कमरेवर हात ठेवून त्या नावाड्यावर कडाडली, “ए हसबल्ला! डावीकडून आडवा घुसतोस, नदी काय आंदण मिळालीय तुला?”

शाझलीची नाव उजवीकडे वळली. शिडाला शीड घासता घासता राहिलं.

“मी नवऱ्याशी बोलले नाही, साहेब,” दहब म्हणाली. “दुसऱ्यांना शिव्या द्यायच्या नाहीत असं तुम्ही म्हणाला नव्हतात.”

मग तिने कुणालाच सोडलं नाही. उजवीकडच्या गाळात लोळणाऱ्या म्हशीच्या आळसाचा उद्धार झाला. समोरच्या वाळूच्या पट्टीला ती आगाऊ म्हणाली. शेवटी पाळी धक्क्याच्या पायऱ्यांची आली, “काय मेलं सरकारी काम! वाकडं ते वाकडं, आणि बघता बघता अंगावर येतं!”

शाझलीने दोर सोडला. नाव धक्क्याला टेकली ती कापसाला टेकावी तशी.

साहेबांनी परवान्यावर शिक्का मारला. “घे. नाव बरी चालवतोस म्हणून नाही हं. या बाईला सोसतोस म्हणून.”

“इकडे द्या.” दहबने कागद मधल्यामध्ये ओढून घेतला. “तो पाण्यात पाडेल.”

“अरेरे, काय हा पुरुष!” असं म्हणत साहेब पायऱ्या चढून गेले. मागे वळून त्यांनी पाहिलंही नाही.

दहब मटकन बसली. कागद तिने छातीशी धरला होता. पलीकडच्या टेकडीवर सूर्य टेकला होता, लालभडक, थेट शाझलीच्या उघड्या डोळ्यांसमोर.

“गेला?”

“गेला.”

“दहब,” त्याने हळूच विचारलं, “दिवस मावळला का गं?”