बुंदीचं भुंकणं

"आज भुंकली तर बुंदीला घरी बसवावं लागेल, पोरी. शिकारी सावध होतात," बुंदीची परीक्षा घ्यायला आलेले वनखात्यातले दिघेकाका कुंदाला म्हणाले.

लपवलेलं हरणाचं मांस हुंगून काढणारी ही स्पॅनियल कुत्री कुंदाच्या बाबांच्या हाताखाली कधीच भुंकली नव्हती. बाबा गेले, पट्टा कुंदाकडे आला. कुंदा तिच्याशी सतत बाबांविषयी बोलायची आणि बुंदी भुंकून उत्तर द्यायला शिकली. ही खोड आपणच लावली, हे कुंदाला उशिरा कळलं.

आज तिने ओठ घट्ट मिटले. काकांनी मांस लपवलेल्या करवंदीच्या जाळीत बुंदी थबकली आणि मान वळवून बघू लागली. घशाशी आलेली शाबासकी कुंदाने गिळली आणि बाबांसारखा नुसता तळहात पुढे केला. बुंदी गुपचूप खाली बसली.

"पास! आज तुझे बाबा असते तर..."

कुंदाने काकांनाही तळहात दाखवला.