हट्टी झाड

वाफ्यापाशी सासू-सुना उभ्या होत्या. बोटीवर नोकरीला गेलेल्या आणि परतून न आलेल्या मुलाने जवळच्या रानातून आणून लावलेलं ते झाड दर हिवाळ्यात वाळून मातीत गडप व्हायचं आणि उन्हं तापू लागली की मुळापासून पुन्हा उठायचं. "यंदा फुललं नाही, तर तुम्ही म्हणाल त्या स्थळाला हो म्हणेन," असा शब्द सुनेने सासूला दिला होता.

आणि आज वाफ्यात निळाई दाटली होती, बुडालेल्या माणसाने पाण्याखाली डोळे उघडावेत तशी.

"बघितलंत ना, आई? या घरातली झाडंसुद्धा हट्टी!" सून हसून म्हणाली. "तेही येतील. मी थांबते."

सासूला त्या फुलांकडे बघवेना.

"अगं, तू मोकळी व्हावीस म्हणून थंडीतच ते मूळ मी उपटून जाळून टाकलं होतं. मग हे उगवलं कुठून?"



नखांतली ओली माती मुठीत लपवत सून आत निघून गेली.